बांधकाम परवानगी : माणूस नव्हे, जागा पाहून द्या

दिवाळी आटोपली, कापसाचे दोन पैसे हातात आले, की आपल्या खान्देशात बांधकामांना हात लागतो. कोणी जुन्या धाब्याच्या घरावर स्लॅब टाकायला काढतो, कोणी रस्त्याकडेच्या शेतात दुकानाचे गाळे काढतो, तर कोणी पोराचे लग्न जमले म्हणून दोन खोल्या वाढवतो. विटांचे ट्रॅक्टर गावात फिरू लागतात आणि ग्रामपंचायतीच्या टेबलावर अर्ज येऊन पडतात. ‘मौजे अमुक येथील घर क्रमांक तमुक येथे बांधकाम करण्यास परवानगी मिळणेबाबत.’

या अर्जाचे पुढे काय होते? शेतकरी बंधूंनो, खरे सांगायचे तर बऱ्याच गावांत अर्जाचा निकाल अर्ज वाचण्याआधीच लागलेला असतो. अर्जदार कोणत्या गल्लीतला, मागच्या निवडणुकीत कोणाच्या पॅनलबरोबर हिंडत होता, घरपट्टी भरली की नाही, आणि सगळ्यात शेवटी जागा कोणती, हा आपला क्रम. आपल्यातला असला तर ‘आपलाच मानूस शे, दी टाका’ म्हणायचे. विरोधातला असला तर ‘पुढच्या मीटिंगला पाहू’. ती पुढची मीटिंग काही लवकर येत नाही.

परवानगी ही मेहरबानी नव्हे आणि नकार हा सूड नव्हे, एवढीच साधी गोष्ट आज मांडायची आहे. दोन्हींना कागदावर कारण हवे. ते कारण माणसाच्या तोंडावर नव्हे, तर जागेवर, पाण्यावर आणि रस्त्यावर आधारलेले हवे. शेती खात्याच्या माणसाने बांधकामात का बोलावे, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की चुकीच्या जागी बांधलेल्या भिंतीचा भार पुष्कळदा शेजारच्या शेतालाच सोसावा लागतो.

परवानगी कोणाची?

आधी कायदा समजून घेऊ, कारण निम्मे भांडण तिथल्या गोंधळातून निघते. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमातील कलम ५२ प्रमाणे गावठाणाच्या हद्दीत नवे घर बांधायचे किंवा जुने पाडून पुन्हा बांधायचे, तर ग्रामपंचायतीची आगाऊ परवानगी लागते. ‘आगाऊ’ हा शब्द महत्त्वाचा. पाया खोदून, कॉलम उभे करून मग अर्ज देणे म्हणजे वरात दारात आल्यावर मुलगी पाहायला जाणे.

याच कलमात दुसरी बाजूही आहे. अर्ज मिळाल्यापासून दोन महिन्यांत ग्रामपंचायतीने लेखी काहीच कळवले नाही, तर परवानगी मिळाली असे मानले जाते. म्हणजे कायद्याने ग्रामपंचायतीला अधिकार दिला आणि त्याबरोबर घड्याळही हातात बांधले. पण बहुतेक अर्जदार पोच घेत नाहीत. अर्ज नुसता टेबलावर ठेवून येतात आणि ‘भाऊंना सांगितले आहे’ म्हणून निर्धास्त होतात. पोच नसली की तारीख नाही, आणि तारीख नसली की दोन महिने मोजायचे कुठून? वीज जोडणीच्या अर्जाची पावती आपण जपून ठेवतो, मग घराच्या अर्जाची का नाही?

गावठाणाच्या बाहेर गेलो की गोष्ट बदलते. तिथे शेतजमीन असते. ती बिनशेती वापराला नेण्याचे नियम १९६६ च्या जमीन महसूल संहितेत आणि बांधकामाचे नियम त्याच वर्षीच्या प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्यात आहेत. तिथे ग्रामपंचायतीने दिलेला ‘नाहरकत दाखला’ म्हणजे बांधकाम परवानगी नव्हे. हे वाक्य दोनदा वाचा. आपल्याकडे पुष्कळांचा पैसा याच एका गैरसमजात अडकला आहे. गुंठ्याच्या भावाने प्लॉट घेतला, ग्रामपंचायतीचा शिक्का मिळाला, आठ नंबरला नाव लागले, घर झाले. पुढे बँकेत कर्जाला गेले तेव्हा कळले की या कागदांनी काही सिद्ध होत नाही. आठ नंबरचा उतारा हा कर आकारणीचा उतारा आहे. घरपट्टी कोणी भरायची ते तो सांगतो. जागा कोणाच्या मालकीची, हे त्यावरून ठरत नाही.

शेतीच्या उपयोगाची इमारत निराळी. गुरांचा गोठा, अवजारांची खोली, कांदाचाळ, मोटारीची खोली यांना शेतीचा भाग म्हणूनच पाहिले जाते. पण शेतघर म्हणून चार भिंती उभ्या करायच्या आणि महामार्गावर ढाबा चालू करायचा, तर तो शेतीचा भाग कसा राहील?

नियम सैल झाले, जबाबदारी वाढली

गेल्या काही वर्षांत सरकारने यातल्या बऱ्याच गाठी सोडल्या. २०१७ साली संहितेत सुधारणा झाली. गावठाणाच्या हद्दीपासून दोनशे मीटरच्या आतील जी जमीन प्रादेशिक आराखड्यात बिनशेती वापराला दाखवलेली आहे, तिचा आकार व रूपांतर कर भरला की ती बिनशेती झाली असे मानण्याची सोय त्यातून झाली. डिसेंबर २०२० मध्ये राज्याच्या बहुतेक भागासाठी एकच बांधकाम नियमावली लागू झाली. २०२१ च्या सुरुवातीला ग्रामविकास विभागाने लहान भूखंडांसाठी सवलत जाहीर केली. सुमारे सोळाशे चौरस फुटांपर्यंतच्या भूखंडावर मालकीचा कागद, नकाशा, परवानाधारक अभियंत्याचा दाखला आणि शुल्काची पावती ग्रामपंचायतीला सादर करून काम सुरू करता येईल. सोळाशे ते बत्तीसशे चौरस फुटांपर्यंत ग्रामपंचायतीने दहा दिवसांत प्रमाणपत्र द्यायचे. नगररचनाकाराकडे जायची गरज त्याच्या पुढच्या बांधकामाला.

हे चांगलेच झाले. दोन खोल्यांसाठी साक्री किंवा रावेरच्या टोकाच्या गावातून जिल्ह्याला हेलपाटे मारणे कोणाला परवडते? पण याचा अर्थही ध्यानात घ्या. वरची चाळणी जितकी मोठ्या छिद्राची होईल तितकी खालची चाळणी बारीक लागते. पूर्वी ग्रामपंचायतीने डोळे झाकले तरी तालुक्याला किंवा जिल्ह्याला कोणीतरी नकाशा पाहील अशी आशा असायची. आता लहान बांधकामाच्या बाबतीत जागा प्रत्यक्ष पाहील असा माणूस म्हणजे आपले सरपंच, सदस्य आणि ग्रामसेवक, ज्यांच्या पदाचे नाव २०२४ च्या निर्णयाने ग्रामपंचायत अधिकारी झाले आहे. अभियंत्याचा दाखला भिंतीची जाडी सांगेल. पण पलीकडच्या शिवारातले पावसाचे पाणी कुठून उतरते, हे गावचा माणूसच सांगू शकतो.

तीन प्रश्न

मासिक सभेत अर्ज आला की सदस्यांनी तीन प्रश्न विचारावेत. जागा कोणाची? पाणी कुठून जाते? रस्ता कोणाचा?

जागा कोणाची, हा प्रश्न गावठाणात फार काळ अंधारात होता. शेताला सातबारा असतो, पण गावठाणातील घराला तसा कागद पुष्कळ गावांत नव्हताच. आजोबांनी सांगितले तेवढी जागा आपली. २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणाची मोजणी होऊन मिळकत पत्रिका मिळू लागल्या. ज्या गावात हे काम झाले, तिथे बांधकामाच्या प्रत्येक अर्जाला मिळकत पत्रिकेची नक्कल जोडायची सवय लावा. जिथे व्हायचे आहे, तिथे मोजणीच्या दिवशी घरी हजर राहा. मोजणीवाले येऊन गेले आणि आपण लग्नाला गेलो होतो, ही तक्रार नंतर कोणी ऐकत नाही.

पाणी कुठून जाते, हा प्रश्न आमच्या खात्याच्या जिव्हाळ्याचा. तापीकाठची काळी जमीन तुम्ही जाणता. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसाळ्यात ती फुगते. पाणी तिच्यात उतरते सावकाश. वरच्या अंगाला नाल्याच्या काठी कोणी मुरूम टाकून जागा उंच केली, कुंपणाची पक्की भिंत घातली आणि नाल्याच्या जागी एक सिमेंटचा नळा टाकला, तर पाणी आपली वाट सोडून शेजारच्या शेतात शिरते. केळीच्या बागेत चार दिवस पाणी साचले की मुळांना हवा मिळत नाही, मुळ्या सडतात, घड पोसत नाही. कपाशीत ताणानंतर एकदम पाणी साचले की उभी झाडे माना टाकतात. त्याला आपण आकस्मिक मर म्हणतो. शेतकरी औषध विचारायला येतो. त्या रोगाला फवारणीने भागत नाही, आधी पाणी बाहेर काढावे लागते. पण पाण्याच्या वाटेवर आता एक बंगला उभा असतो आणि त्या बंगल्याला ग्रामपंचायतीचा ठराव असतो!

२०२१ सालच्या ऑगस्टच्या शेवटी चाळीसगावला तितूर आणि डोंगरी नद्यांना पूर आला तो आठवा. घरांत, दुकानांत पाणी शिरले, गावोगावची जनावरे वाहून गेली. पाणी दहा वर्षे आपली वाट विसरल्यासारखे दिसते आणि अकराव्या वर्षी आठवून परत येते. म्हणून अर्जाच्या नकाशात ओढा, नाला, चारी दाखवलेली आहे का, हे पाहिल्याशिवाय सही करू नये. शोषखड्डा कुठे आहे आणि पिण्याच्या पाण्याची विहीर कुठे आहे, हेही त्याच वेळी पाहावे.

रस्ता कोणाचा, हा तिसरा प्रश्न. सुरत-नागपूर महामार्ग साक्री, धुळे, पारोळा, एरंडोल, जळगाव, भुसावळवरून जातो. मुंबई-आग्रा मार्ग त्याला धुळ्याजवळ छेदतो. या रस्त्यांचे चौपदरीकरण झाले तशा दुतर्फा जमिनीच्या किमती चढल्या. पुढच्या अंगाची जमीन प्लॉटला गेली आणि मागच्या शेतकऱ्याची बैलगाडीची वाट कुंपणात गेली. खरेदीखतात वाट लिहिलेली नसते, कारण वाट वडिलांच्या काळापासून ‘आहेच’ होती. महामार्गाच्या मध्यापासून किती अंतर सोडून बांधायचे याचे नियम रस्त्याच्या दर्जाप्रमाणे आहेत. ते न पाहता गाळे बांधले तर रुंदीकरणात ते पहिले पडतात. त्या वेळी ‘ग्रामपंचायतीने परवानगी दिली होती’ हे सांगून भरपाईत फारसा उजेड पडत नाही.

अतिक्रमणाची दुधारी सुरी

परवानगीचा विषय निघाला की अतिक्रमणाचा निघतोच. इथे निर्णय कसा घेऊ नये, याची दोन उदाहरणे सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांत आहेत. एक पंजाबातले, एक आपल्या जळगाव जिल्ह्यातले.

पंजाबात पतियाळा जिल्ह्यातील एका गावचे तळे बुजवून लोकांनी त्यावर घरे बांधली. तिथल्या जिल्हाधिकाऱ्यांनी असा तोडगा काढला की आता घरे झालीच आहेत, तर जागेची किंमत वसूल करून घ्यावी. २८ जानेवारी २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा तोडगा मोडीत काढला. गावाची सामाईक जागा गावाची आहे, पैसे भरून ती कोणाला खासगी करून घेता येणार नाही, आणि सर्व राज्यांनी अशी अतिक्रमणे काढण्याची योजना करावी, असे न्यायालयाने सांगितले. त्यानंतर त्याच वर्षी जुलैमध्ये आपल्या सरकारनेही गायरानाबाबत आदेश काढले. तेव्हा ‘आधी बांधून टाकू, मग दंड भरून नियमित करू’ हा हिशेब गायरानाच्या आणि तळ्याच्या जागेत धरू नका. गायरान गेले की भूमिहीनाची शेळी-गाय कुठे चरणार, याचाही विचार व्हावा.

दुसरे उदाहरण जवळचे, विचखेडा गावचे. ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १४ प्रमाणे सरकारी किंवा सार्वजनिक जागेवर अतिक्रमण करणारा माणूस सदस्य राहू शकत नाही. अतिक्रमण घरातल्या दुसऱ्या कोणी केलेले असले तरी त्या जागेत राहणारा सदस्य सुटत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली म्हटले होते. नियम योग्यच आहे. पण विचखेड्यात महिला सरपंच निवडून आल्या आणि त्या सासूबाईंबरोबर सरकारी जागेवरील घरात राहतात अशी तक्रार झाली. त्यांचे म्हणणे होते की ते घर मोडकळीस आलेले आहे आणि आपण नवरा-मुलांसह भाड्याच्या घरात वेगळे राहतो. तरी त्या अपात्र ठरल्या. आयुक्तांनी तेच कायम केले, आणि उच्च न्यायालयात याचिका तांत्रिक कारणाने फेटाळली गेली. शेवटी २७ सप्टेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. एक महिला सरपंच झाली हे गावातील काहींना पचले नाही, आणि निवडून आलेल्या प्रतिनिधीला काढण्यासारखी गंभीर गोष्ट यंत्रणेने नीट शहानिशा न करता हाताळली, असा या निकालाचा आशय आहे.

दोन्ही उदाहरणे एकत्र ठेवून पाहा. पंजाबात अतिक्रमण खरे होते आणि त्यावर पांघरूण घातले गेले. विचखेड्यात नीट शहानिशा न होताच शिक्षा झाली. दोन्हीकडे एकच गोष्ट राहून गेली. जागेवर जाऊन, मोजून, दोन्ही बाजू ऐकून, कारण लिहून निर्णय घेतला गेला नाही. नियम हा सुरीसारखा आहे. भाजी चिरायला घेतला तर घराच्या कामाचा, आणि भाऊबंदकीत उपसला तर घाव घालणारा.

शेजाऱ्याला कळले पाहिजे

आपल्या पद्धतीत मोठी उणीव आहे ती शेजाऱ्याला न विचारण्याची. लग्नाची पत्रिका आपण गावभर वाटतो, पण बांधकामाचा अर्ज भिंतीला भिंत लागून असलेल्या माणसालाही कळत नाही. त्याला कळते ते खड्डा खोदल्यावर. मग तक्रारी, मग पोलीस पाटील, मग कोर्ट.

याबाबतीत इंग्लंडमधील स्थानिक कौन्सिलांची एक रीत घेण्यासारखी आहे. त्यांचा नगररचनेचा मूळ कायदा १९४७ चा. तिथे घर वाढवायचा अर्ज आला की कौन्सिल शेजाऱ्यांना पत्र लिहिते किंवा त्या जागेजवळ सूचना लावते. म्हणणे मांडायला साधारण तीन आठवडे मिळतात. लहान अर्जाचा निर्णय आठ आठवड्यांत व्हावा असा दंडक आहे, म्हणजे जवळजवळ आपले दोन महिनेच. अर्ज नाकारला तर कारणे लेखी द्यावी लागतात. शिवाय कोणती हरकत विचारात घ्यायची हेही ठरलेले आहे. उजेड अडतो, रस्ता अडतो, पाणी तुंबते, ही हरकत चालते. अर्जदार आवडत नाही किंवा आपल्या घराची किंमत कमी होईल, ही हरकत चालत नाही. तिथेही वशिला नसेल असे नाही, पण कारण लिहावे लागले की वशिल्याची अडचण होते.

फार लांब जायला नको. आपल्या पांझरेच्या काठी फड पद्धतीने पिढ्यान्पिढ्या पाणी वाटले गेले. कोणत्या फडात कोणते पीक, पाणी कोणाला कधी, हे पंच ठरवत, पाटकरी आणि हवालदार अंमल करत. निर्णय साऱ्यांना माहीत असे आणि नियम थोरामोठ्याला सारखा असे. म्हणून तर कोर्टकचेरीशिवाय ती पद्धत इतकी टिकली. जे आपल्या आजोबांनी पाण्याच्या बाबतीत केले ते जागेच्या बाबतीत आपल्याला का जमू नये?

ग्रामपंचायतीने काय करावे?

सरपंच, सदस्य आणि ग्रामपंचायत अधिकारी मंडळींना माझी विनंती आहे. कामे फार अवघड नाहीत आणि त्यांना वेगळा निधीही लागत नाही.

बांधकाम अर्जांची एक स्वतंत्र नोंदवही ठेवा. अर्जाची तारीख, जागेचा क्रमांक, चतुःसीमा, पाहणीची तारीख, ठराव क्रमांक आणि निर्णय, एवढे रकाने पुरेत. अर्जदाराला त्याच दिवशी पोच द्या. अर्ज आल्याची सूचना सूचनाफलकावर लावा आणि चारही बाजूंच्या शेजाऱ्यांना कळवून त्यांच्या सह्या घ्या. सही म्हणजे संमती नव्हे, कळल्याची खूण. हरकत असेल तर ती लेखी घ्या.

पाहणीला एकट्याने जाऊ नका. एक सदस्य, ग्रामपंचायत अधिकारी आणि शक्य तर त्या भागातला एक जुना जाणता शेतकरी बरोबर घ्या. पंचनाम्यात ओढा, वाट, विहीर आणि रस्त्यापासूनचे अंतर लिहा. शंका असेल तर पंचायत समितीच्या अभियंत्याला विचारा. विचारण्यात कमीपणा नाही.

अर्जदार किंवा हरकत घेणारा सदस्याचा भाऊबंद असेल, तर त्या सदस्याने त्या विषयापुरते बाजूला बसावे. ठरावात ‘सर्वानुमते मंजूर’ एवढेच लिहून थांबू नये. का मंजूर, कोणत्या अटीवर मंजूर, का नामंजूर, हे लिहावे. आणि ग्रामसभेत त्या तिमाहीतील मंजूर-नामंजूर अर्जांची यादी वाचून दाखवावी. दहा मिनिटांचे काम आहे. २६ जानेवारीला झेंडावंदनानंतर लोक तसेही थांबतात.

सरपंचांची बाजूही मी जाणतो. हातात अभियंता नाही, घरपट्टीशिवाय उत्पन्नाची साधने थोडी, आणि संध्याकाळी पारावर त्याच माणसांत बसायचे. नाही म्हणावे तर पुढची निवडणूक दिसते. पण लेखी पद्धत हीच सरपंचांची ढाल आहे. ‘मी नाही म्हणत नाही नाना, नाल्यापासून अंतर सुटत नाही म्हणून पाहणीत आले आहे’ असे सांगता येते. नियम नसला की सगळा दोष माणसावर येतो.

आणि आपण काय करावे?

बंधूंनो, ग्रामपंचायतीला नावे ठेवणे सोपे आहे, पण आपलाही वाटा आहे. अर्ज वेळेवर आणि पूर्ण द्या. नकाशात नाला लपवू नका. पोच घ्या. दोन महिने होत आले की लेखी स्मरणपत्र द्या. नकार आला तर कारणासह लेखी मागा, म्हणजे वर दाद मागता येते. माहितीचा अधिकार २००५ पासून आहे. ठरावाची आणि पंचनाम्याची नक्कल मागण्यात भांडण नाही.

गुंठ्यावर प्लॉट घेताना सातबारा, मंजूर रेखांकन आणि पोहोच रस्ता तीनही पाहा. ‘एनए होऊन जाईल’ या शब्दावर आयुष्याची पुंजी लावू नका. शेत विकणाऱ्यांनी मागच्या शेजाऱ्याची वाट आणि पाण्याची चारी खरेदीखतात लिहून द्यावी. त्याला पैसे पडत नाहीत, पण पुढच्या पिढीचे वैर टळते.

तुमच्या शेतात कोणी बांध, भिंत किंवा भराव घालून नैसर्गिक पाण्याचा प्रवाह अडवला असेल, किंवा वहिवाटीची वाट बंद केली असेल, तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाच्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे दाद मागता येते. मात्र ती अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत मागावी लागते. पावसाळ्यात पाणी तुंबले आणि पुढच्या पावसाळ्याला जाग आली, तर उशीर झालेला असतो. पिकात पाणी साचलेले असताना तारखेसह फोटो काढून ठेवा आणि पंचनाम्यासाठी अर्ज द्या.

शेवटी ज्याच्यासाठी हे सारे, त्या गरिबाची आठवण ठेवा. घरकुल मंजूर झाले, पण नावावर जागा नाही म्हणून हप्ता थांबला, अशी कुटुंबे कोणत्या गावात नाहीत? त्यांना जागा खरेदीसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय योजनेतून अर्थसाहाय्य मिळते, हे त्यांना सांगणारे कोणी नसते. एकाच सभेत रस्त्याकडेच्या गाळ्यांचा ठराव दहा मिनिटांत होतो आणि घरकुलवाल्याला ‘कागद पूर्ण करून आण’ म्हणून परत पाठवले जाते. ग्रामपंचायतीची खरी परीक्षा इथे आहे. दोन्ही अर्ज एकाच नोंदवहीत, आल्या तारखेच्या क्रमाने घेतले, तर निम्मा अन्याय तिथेच संपतो.

येत्या मासिक सभेत हा विषय घ्या. एक वही, चार शेजाऱ्यांच्या सह्या आणि लेखी कारण, एवढ्यापासून सुरुवात होऊ शकते. भिंत एकदा उभी राहिली की ती पाडणे कोणाच्याच हिताचे नसते. तेव्हा जे काही पाहायचे ते पाया खोदण्याआधी पाहून घेऊ या.